न्यू ऑर्लिन्स ते पोर्ट हडसन : कॅप्टन कायूच्या पलटणीच्या वाटेनं

मे महिन्याच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सला जा, असं सहसा कुणी सांगत नाही. सकाळी नऊलाच अंगाला शर्ट चिकटतो आणि दुपारी तीनच्या सुमारास गडगडाट होऊन अर्धा तास पाऊस झोडपून काढतो. पण अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या ताब्यातल्या पोर्ट हडसन किल्ल्यावरचा पहिला हल्ला २७ मे १८६३ चा आहे. लोकरीचा गणवेश, पाठीवर सामान आणि खाली दलदल अशा अवस्थेत माणसं कशी चालली असतील याचा अंदाज घ्यायचा, तर हाच आठवडा योग्य.

प्रवास लुइझियाना नेटिव्ह गार्ड्सच्या वाटेचा. अमेरिकन यादवीत उत्तरेच्या सैन्यात अधिकृतपणे दाखल झालेली पहिली कृष्णवर्णीय पलटण ती हीच, तारीख २७ सप्टेंबर १८६२. तिचे कॅप्टन आणि लेफ्टनंटसुद्धा कृष्णवर्णीय होते. शिपायांत मळ्यांवरून पळून आलेले गुलाम पुष्कळ होते, पण अधिकारी आणि संघटक बहुतेक शहरातले मुक्त कृष्णवर्णीय, म्हणजे युद्धाआधीच स्वतंत्र असलेले गवंडी, सुतार, शिंपी, चांभार, विड्या वळणारे, व्यापारी. १८६० च्या शिरगणतीत असे साडेअठरा हजारांवर लोक या राज्यात होते आणि निम्म्याहून जास्त एकट्या न्यू ऑर्लिन्समध्ये. स्पॅनिश अमदानीत गुलामाला ठरलेली किंमत भरून स्वतःला सोडवून घेण्याचा हक्क होता. शिवाय १८०९-१० मध्ये हैतीतून क्यूबामार्गे आलेल्या निर्वासितांत तीन हजारांवर मुक्त कृष्णवर्णीय होते. या दोन्हींमुळे इथे ही वस्ती जमली.

रविवार : ट्रेमे

सुरुवात न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे वस्तीतल्या सेंट ऑगस्टिन चर्चपासून करावी, तीही रविवारच्या प्रार्थनेला. वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा आणि वीस मिनिटं आधी पोचा. आम्ही पोचलो तेव्हा दारावरच्या पांढऱ्या हातमोज्यांतल्या आजींनी "बेबी, पंखा घे" म्हणत हातात पुठ्ठ्याचा पंखा दिला. या शहरात सत्तरीचा माणूसही बेबीच. तासाभरात त्या पंख्याची किंमत कळली.

चर्च १८४२ चं. त्या काळी बाकं भाड्यानं घ्यावी लागत. मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबांनी गोऱ्यांपेक्षा जास्त बाकं घेतली, आणि कडेच्या ओळींतली लहान बाकं पैसे भरून गुलामांसाठी राखली. ती अजून भिंतीलगत आहेत. त्यांवर बसून बघा, एका माणसाचे गुडघे जेमतेम मावतात. बाहेर कोपऱ्यात जाड साखळ्या आणि बेड्या लटकवलेला मोठा क्रूस आडवा कललेला आहे, ते अनामिक गुलामाचं स्मारक. ते मात्र या शतकातलं.

चर्चपासून उर्सुलिन्स रस्त्यावर पाच मिनिटांत चालत जाता येतं. इथे इकॉनॉमी हॉल होता. आज बघायला काही नाही, १९६५ च्या बेट्सी चक्रीवादळात इमारत गेली. तरीही थांबा, कारण नेटिव्ह गार्ड्सचं खरं मूळ छावणीत नसून अशा हॉलमध्ये आहे. १८३६ साली इथल्या मुक्त कृष्णवर्णीयांनी परस्पर साहाय्य मंडळ काढलं आणि तशी कितीतरी मंडळं शहरभर निघाली. प्रवेश फी, दरमहा वर्गणी, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सभेची टिपणं. सभासद आजारी पडला तर डॉक्टर, औषध आणि पाळीपाळीनं बघायला येणारे दोघे. मेला तर बँडसकट अंत्ययात्रा, मंडळाच्या थडग्यात जागा आणि विधवेला मदत. हिशेब फ्रेंचमध्ये.

१८६२ मध्ये पलटण उभी करायची वेळ आली तेव्हा भरतीची कचेरी वेगळी उघडावी लागली नाही. मंडळाचा पदाधिकारी कॅप्टन झाला आणि सभासद त्याच्या कंपनीत आले. आंद्रे कायू हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. १८२५ मध्ये गुलाम म्हणून जन्म, १८४६ मध्ये मुक्तता, धंदा सिगार वळण्याचा, 'सुव्यवस्थेचे मित्र' या मंडळात पदाधिकारी. इतर पुष्कळ अधिकारी गव्हाळ, मिश्र वंशाचे होते. कायू मात्र आपण शहरातला सर्वांत काळा माणूस आहोत असं मिरवून सांगत.

एक गैरसोयीची गोष्ट इथले वाटाडे कधी कधी गाळतात, ती आधीच सांगितलेली बरी. हेच नाव घेऊन १८६१ मध्ये एक पलटण दक्षिणेच्या बाजूनं, राज्याच्या मिलिशियात उभी राहिली होती. तिला धड बंदुका मिळाल्या नाहीत, लढाईवर कधी पाठवलं नाही, आणि एप्रिल १८६२ मध्ये शहर पडताच ती विरघळली. घरदार आणि मालमत्ता सांभाळायची, शेजाऱ्यांच्या संशयाला उत्तर द्यायचं, म्हणून बहुतेकांनी नाव नोंदवलं असावं. काहींच्या घरी स्वतःचे गुलाम होते हेही खरं. पुढे उत्तरेच्या नेटिव्ह गार्ड्सच्या क्रमांक दोनच्या पलटणीत मेजर झालेला फ्रान्सिस अर्नेस्ट ड्यूमास त्यांतलाच. त्यानं आपले गुलाम मोकळे करून भरती करून घेतले.

दुपारी क्लेबोर्न अव्हेन्यूच्या पुलाखालून चाला. डोक्यावर आंतरराज्य महामार्ग, खाली काँक्रीटचे खांब. ही ट्रेमेची बाजारपेठ होती, मधोमध ओकच्या झाडांची दुहेरी रांग. १९६६ मध्ये झाडं तोडली आणि महामार्ग आला. खांबांवर आता त्याच झाडांची चित्रं रंगवलेली आहेत.

जेवायला गम्बो घ्या. कोपऱ्यावरच्या एका खानावळीत स्वयंपाकीणबाईंनी कृती सांगितली. तेल आणि मैदा समसमान, मंद आचेवर पाऊण तास न थांबता हलवायचं, रंग डार्क चॉकलेटसारखा झाला की थांबायचं. काळे ठिपके दिसले की जळलं, सगळं फेकून पुन्हा सुरुवात. मग कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. दाटपणासाठी भेंडी किंवा सॅसफ्रासच्या वाळलेल्या पानांची पूड. पूड घातल्यावर उकळी आणायची नाही, नाहीतर तार सुटते. भेंडी आफ्रिकेतून आली, पूड इथल्या मूळ रहिवाशांची.

सोमवार : लाल राजमा आणि एक संग्रहालय

सोमवारी गावभर लाल राजमा आणि भात. सोमवार धुण्याचा वार, म्हणून चुलीवर आपोआप शिजत राहील असं काहीतरी, अशी ही जुनी पद्धत. त्यात डुकराचं मांस हमखास असतं, शाकाहारींनी विचारून घ्यावं.

एस्प्लनेड अव्हेन्यूवर मुक्त कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेलं एक छोटं संग्रहालय आहे, 'ल म्युझे द एफ. पी. सी.'. जुन्या घरात आहे, ठरावीक वेळच्या फेऱ्या असतात, आधी नोंदवल्याशिवाय जाऊ नका. फ्रेंच क्वार्टरमधल्या रॉयल स्ट्रीटवरच्या हिस्टॉरिक न्यू ऑर्लिन्स कलेक्शनचं कायमचं दालन विनामूल्य आहे, पाऊस कोसळत असताना तिथे दोन तास आरामात जातात. जेंटिलीच्या ज्या रेसकोर्सवर पलटणीची कॅम्प स्ट्राँग ही छावणी होती, तिथे मुद्दाम जाण्यासारखं काही उरलेलं नाही.

मंगळवार : शिप आयलंड

गाडीनं सव्वा ते दीड तासात मिसिसिपी राज्यातलं गल्फपोर्ट. तिथून प्रवासी बोट तासाभरात बेटावर नेते. बोटी साधारण मार्च ते ऑक्टोबर चालतात, समुद्र खवळला तर रद्द होतात. पहिली बोट घ्या. बेटावर झाडाची सावली नाही आणि वाळू अकराच्या पुढे चटके देते. माणशी किमान दोन लिटर पाणी, टोपी, पायांत बंद सँडल.

उत्तरेच्या आरमारानं न्यू ऑर्लिन्सची नाकेबंदी केली ती या बेटाच्या आधारानं. कापसाचं हे सर्वांत मोठं बंदर बंद पडलं आणि तिकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला, त्याचं एक टोक या वाळूत आहे.

जानेवारी १८६३ मध्ये नेटिव्ह गार्ड्सची दुसरी पलटण पहाऱ्यासाठी इथे आणली. मेन राज्याची एक गोरी पलटण आधीपासून होती. तिच्या शिपायांनी काळ्या अधिकाऱ्यांचे हुकूम मानायला नकार दिला, शेवटी गोऱ्यांनाच इथून हलवावं लागलं. ९ एप्रिलला कर्नल नेथन डॅनियल्स आणि मेजर ड्यूमास १८० माणसं घेऊन समोरच्या पास्कागूलाला उतरले, एका हॉटेलावर निशाण चढवलं आणि दक्षिणेच्या घोडदळाला काही तास थोपवून धरलं. परतताना मदतीला आलेल्या त्यांच्याच गनबोटीचा गोळा त्यांच्यात पडला. मेलेल्यांपैकी काही त्या गोळ्यानं मेले.

विटांचा अर्धगोल किल्ला, फोर्ट मॅसॅच्युसेट्स, आत शिरला की एकदम थंड. तोफांच्या कमानीखालच्या भिंतीत वेगवेगळ्या रंगांच्या विटा दिसतात. बांधकाम १८५९ ते १८६६ असं रखडत झालं, माल वेगवेगळ्या भट्ट्यांचा. बेटावर दक्षिणेचे युद्धकैदी ठेवले आणि पहाऱ्यावर कालपर्यंत गुलाम असलेले शिपाई. कैद्यांच्या नावांचा फलक इथे आधी लागला, नेटिव्ह गार्ड्सचा फार उशिरा, या शतकात. कैद्यांच्या थडग्यांचा आता पत्ता नाही, वादळांनी वाळूच सरकवली. १९६९ च्या कॅमिल वादळानं तर बेटाचे दोन तुकडे केले होते, ती खिंड अलीकडे वाळू टाकून बुजवली आहे.

बुधवार : पोर्ट हडसन

न्यू ऑर्लिन्सहून बॅटन रूज दीड तास, तिथून हायवे ६१ नं उत्तरेला आणखी अर्धा तास. पोर्ट हडसन राज्य ऐतिहासिक स्थळाचे उघडे वार आणि वेळा बदलत असतात, निघण्यापूर्वी फोन करा. जंगलात सुमारे दहा किलोमीटर पायवाटा आहेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मोजे पँटवर चढवा, पायांना किड्यांचं औषध मारा. गोचिड्या गवताच्या टोकावर वाट बघत असतात. तीन पानांची चकचकीत वेल दिसली तर हात लावू नका, आठवडाभर अंग खाजतं.

आधी संग्रहालयातला नकाशा नीट पाहा. मिसिसिपी इथे तीव्र वळण घेत होती आणि काठावर उंच कडा. कड्यावरच्या तोफांखालून बोटी नेणं फार धोक्याचं, म्हणून नदीवर आणखी वरच्या व्हिक्सबर्ग या ठाण्याखालोखाल या जागेचं महत्त्व. आज कड्यावर उभं राहिलं तर नदी दिसत नाही, पात्र पश्चिमेला सरकलं आहे. माती वाऱ्यानं आणून टाकलेली बारीक पिवळी, लोएस. ती उभी कापली तरी ढासळत नाही, त्यामुळे इथल्या घळींच्या भिंती सरळसोट आहेत. फोर्ट डेस्परेट या दक्षिणेच्या मोर्च्याजवळच्या लाकडी वाटेवरून खाली बघा. शत्रूनं त्या घळींत झाडं आडवी पाडून फांद्यांची टोकं पुढे वळवून ठेवली होती. नुसतं उतरून चढायला आम्हांला धाप लागली, तीही दगडगोटे साफ केलेल्या वाटेवर.

नेटिव्ह गार्ड्स लढले ती जागा तटबंदीच्या नदीकडच्या, वायव्य टोकाला. सगळं रणक्षेत्र उद्यानात नाही, बराच भाग खासगी आहे. तेव्हा रेंजरकडून जागा नकाशावर दाखवून घ्यावी आणि कुंपणं ओलांडण्याच्या फंदात पडू नये. आम्हांला भेटलेल्या रेंजरनं टेबलावर बोट फिरवत सगळं समजावलं. इथे ओढ्यावरचा तराफ्यांचा पूल. पुलापलीकडे विलोच्या झाडीत पहिल्या आणि तिसऱ्या पलटणीची मिळून हजारांवर माणसं रांगेत. समोर साधारण साडेपाचशे मीटर मोकळी जमीन. डाव्या हाताला रस्त्याला समांतर पुढे आलेला कडा आणि त्यात मिसिसिपीच्या ३९ व्या पलटणीचे नेमबाज. उजव्या हाताला नदीचं साचलेलं पाणी. म्हणजे पुढे सरकणारा शिपाई समोरून आणि बाजूनं एकदम मारा खाणार, आणि पसरायला जागाच नाही. सोबत दिलेल्या दोन तोफा थोड्याच वेळात मागे घेतल्या गेल्या. या बाजूच्या हल्ल्याची सूत्रं असलेल्या जनरल ड्वाइटनं जागेची पाहणी केलेली नव्हती.

सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. कायूंची ई कंपनी निशाणाची, म्हणून आघाडीला. ते फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत हुकूम देत होते, कारण शहरातल्यांना फ्रेंच कळे आणि मळ्यांवरून आलेल्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी. डावा हात कोपराच्या वर चिरडला गेला तरी ते पुढे होते, मग गोळ्यानं पडले. निशाण धरणारा सार्जंट आन्सेल्मास प्लांसियांक्वा त्याआधीच ठार झाला होता. लेफ्टनंट जॉन क्राउडर सतरा वर्षांचाही नसावा, तोही गेला. तटबंदीपर्यंत कुणी पोचलं नाही, पोचणं शक्यच नव्हतं. उत्तरेतल्या वर्तमानपत्रांनी मृतांचा आकडा सहाशेपर्यंत फुगवला. अधिकृत आकडा चाळिशीच्या आतला आहे, जखमी त्याच्या कितीतरी पट.

आकड्यापेक्षा पुढची गोष्ट जास्त बोलकी. इतर आघाड्यांवर प्रेतं उचलायला तह झाला, या बाजूला झाला नाही. ९ जुलैला किल्ला शरण येईपर्यंत सहा आठवडे कायूंचा देह उन्हापावसात तिथेच पडून होता. २७ मे लाच हा उकाडा, तर जूनचा विचार करा.

उत्तरेच्या फौजेचा सेनापती जनरल बँक्सनं अहवालात या शिपायांची तारीफ केली. त्याच बँक्सनं आधीपासून काळ्या अधिकाऱ्यांना एकेक करून काढायला सुरुवात केलेली होती, ती हल्ल्यानंतरही थांबली नाही. काळ्यांना शिपाई म्हणून मरायची मुभा होती, कॅप्टन म्हणून जगायची नव्हती. तिसऱ्या पलटणीचे अधिकारी तर हल्ल्याआधीच बदललेले होते. पी. बी. एस. पिंचबॅक या कॅप्टननं सप्टेंबर १८६३ मध्ये राजीनामा दिला.

जवळच पोर्ट हडसन राष्ट्रीय दफनभूमी आहे, ती चुकवू नका. यादवीतल्या सुमारे ३,८०० सैनिकांपैकी ३,२०० हून अधिक अनामिक. परतीच्या वाटेवर पेट्रोलपंपावर बूदँ मिळतं, भात आणि मांस भरलेलं आतडं. गरम असतानाच आतलं सारण दातांनी ओढून खायचं, साल टाकून द्यायची.

गुरुवार : अंत्ययात्रेची वाट, एक छापखाना, एक हॉटेल

२९ जुलै १८६३ ला कायूंची अंत्ययात्रा एस्प्लनेड अव्हेन्यूवरून निघाली. त्याआधी मंडळाच्या हॉलमध्ये शवपेटी ठेवलेली, वर निशाण, तलवार आणि टोपी. पुढे ४२ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीचा बँड, मागे तिसाहून जास्त मंडळांचे सभासद आपापल्या पट्ट्या लावून, रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं. आर्चबिशपचा विरोध होता. फादर क्लोद मेस्त्र या फ्रेंच धर्मगुरूनं तो झुगारून विधी केला. रस्त्याच्या मधल्या झाडांच्या पट्ट्यातून सावलीत चालता येतं, सकाळी आठच्या आत निघा.

दफन झालं ते सेंट लुइस क्रमांक २ मध्ये. ही दफनभूमी लोकांसाठी बंद आहे, भिंतीवरून दिसेल तेवढंच. क्रमांक १ मध्ये परवानाधारक गाइडबरोबरच जाता येतं, तिकीट आधी काढा. इथली थडगी जमिनीवर, विटांची, चुन्याचा गिलावा केलेली. कप्प्यात पेटी ठेवून तोंड विटांनी बंद करायचं. उन्हानं आत भट्टीच तापते. एक वर्ष आणि एक दिवस झाल्यावर उघडलं तर हाडं तेवढी राहिलेली असतात, ती मागे किंवा खालच्या पोकळीत सारून कप्पा पुढच्या माणसाला मोकळा. मंडळाच्या वर्गणीत दफनाचं पुरवलं जाई ते याच सोयीमुळे. एका थडग्यात पिढ्यान्‌पिढ्या.

फ्रेंच क्वार्टरमधल्या कॉन्टी स्ट्रीटवर 'ट्रिब्यून'चं कार्यालय होतं. डॉ. लुई शार्ल रूदाने हे पॅरिसमध्ये शिकलेले डॉक्टर. जुलै १८६४ मध्ये त्यांनी हे पत्र सुरू केलं आणि ऑक्टोबरपर्यंत ते दैनिक झालं, अमेरिकेतलं पहिलं कृष्णवर्णीयांचं दैनिक. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत. संपादक पॉल ट्रेव्हिन्य, सोबतीला ऊझो नावाचा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ. त्याच वर्षी मार्चमध्ये हजारावर सह्यांचा मतदानहक्काचा अर्ज घेऊन दोघेजण वॉशिंग्टनला गेले होते, डॉक्टरांचे भाऊ जाँ बातिस्त रूदाने आणि पलटणीतून बाहेर पडलेले कॅप्टन आर्नोल्ड बेर्तोनो. १२ मार्चला लिंकनची भेट झाली. दुसऱ्याच दिवशी लिंकननं राज्यपाल हानला पत्र लिहून, निदान शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या कृष्णवर्णीयांना मत देता येईल का, असं सुचवलं.

कॅनाल स्ट्रीटपलीकडे रूझवेल्ट हॉटेल आहे. त्याच्या जागी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होती. ३० जुलै १८६६ ला काळ्यांच्या मतदानहक्कासाठी इथे परिषद भरली. पाठिंब्याला आलेल्या मिरवणुकीत पलटणीतून परतलेले शिपाईही होते. जमाव आणि पोलीस दोघांनी मिळून गोळ्या घातल्या, पस्तिसाहून अधिक माणसं मेली, शंभरावर जखमी. या बातमीनं उत्तरेतलं मत फिरलं आणि पुढच्या मार्चमध्ये दक्षिणेतल्या राज्यांच्या पुनर्रचनेचे कायदे झाले. मग १८६८ ची घटना, तिच्यात शाळा सर्वांना खुल्या. डिसेंबर १८७२ मध्ये पिंचबॅक महिनाभरापुरते का होईना, राज्यपाल झाले.

महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली ती १८७३ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलात, ईस्टरच्या रविवारी, याच राज्यातल्या कोलफॅक्स गावात कोर्टाची इमारत राखणाऱ्या डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती. बहुतेकांना शरण आल्यावर मारलं. मुक्ती झाली म्हणजे काम झालं, असं पुण्यातून कदाचित दिसलं असेल. लुइझियानात ते रोज नव्यानं राखावं लागत होतं.

शुक्रवार : शाल्मेट

शहरातून नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं गाडीनं वीस मिनिटं, किंवा बंदरावरून पर्यटक बोट. बोटीनं गेलात तर उतरून फिरायला वेळ अपुरा पडतो, दफनभूमी हुकते. गाडीच बरी. दफनभूमीचं फाटक उद्यानाआधी बंद होऊ शकतं, म्हणून ती आधी करा.

शाल्मेट प्रसिद्ध ते ८ जानेवारी १८१५ च्या इंग्रजांविरुद्धच्या लढाईसाठी. जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या अमेरिकन फौजेत मुक्त कृष्णवर्णीयांच्या दोन बटालियनी होत्या. १८६४ च्या अर्जावर त्यांतल्या २७ म्हाताऱ्या सैनिकांच्या सह्या होत्या.

दफनभूमी १८६४ ची, विटांच्या भिंतींमधली लांब अरुंद पट्टी. पंधरा हजारांवर थडगी, यादवीतली बारा हजार. नाव माहीत असलेल्याला उभी संगमरवरी फरशी, तिच्यावर खोदलेली ढाल. नाव नसलेल्याला सहा इंच चौरस ठोकळा, वर फक्त आकडा. ढालीखाली 'यू. एस. सी. टी.' किंवा 'यू. एस. सी. आय.' (युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स किंवा इन्फंट्री) अशी अक्षरं असली की कृष्णवर्णीय पलटण. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं वाचता येतात, दुपारी संगमरवर नुसता चमकतो. बहुतेक जण गोळीनं मेलेले नाहीत. देशभरातल्या १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिकांपैकी सुमारे चाळीस हजार मेले, त्यांतले तीस हजार रोगराईनं.

भिंतीच्या पलीकडे रणभूमीचं मोकळं हिरवं मैदान दिसतं. ते नेहमी मोकळं नव्हतं. जाँ पियेर फाझाँद या मुक्त कृष्णवर्णीय किराणा व्यापाऱ्याची इथे वडिलोपार्जित जमिनीची पट्टी होती. युद्धानंतर त्यानं तिचे तुकडे पाडून नुकत्याच मुक्त झालेल्यांना विकले. एकच रस्ता, त्याच्या कडेनं घरं, पुढे चर्च, शाळा, दुकान. फाझाँदव्हिल नावाचं हे गाव शंभर वर्षांच्या आसपास टिकलं. १९६४ मध्ये, लढाईच्या दीडशेव्या वर्धापनदिनासाठी मैदान १८१५ सारखं दिसावं म्हणून सरकारनं ते ताब्यात घेऊन पाडलं. उद्यानात त्याचा फलक आहे, फेरीच्या रस्त्यावर गाडी हळू ठेवली तरच दिसतो.

माणसं बहुतेक लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये गेली आणि बॅटल ग्राउंड बॅप्टिस्ट चर्चही त्यांच्याबरोबर गेलं, नाव तेच ठेवून. पुढच्याच वर्षी बेट्सीच्या पुरात वॉर्ड बुडाला. २००५ मध्ये कटरीनाच्या वेळी कालव्याचा बांध फुटून पुन्हा. आज गल्लीत तीन घरांनंतर चार रिकामे प्लॉट, गवत कंबरेइतकं. इथे गाडीतून फोटो काढत फिरू नका, लोकांना तो राग आहे आणि तो रास्त आहे. एका ओट्यावर बसलेल्या काकांशी बोलणं झालं. त्यांच्या मंडळाचा वार्षिक हिशेब चालू होता, वर्गणी थकलेल्यांची यादी हातात. बुडालेल्या घराबद्दल दोन वाक्यं बोलले, थकबाकीदारांबद्दल पाऊण तास.

शनिवार : प्रेस स्ट्रीट आणि नोंदी

पुनर्रचना १८७७ मध्ये आवरली गेली आणि शाळा पुन्हा वेगळ्या झाल्या. लिंकनला भेटलेल्या त्याच बेर्तोनोंच्या मुलांना शाळेनं प्रवेश नाकारला. ते फेडरल कोर्टात गेले आणि १८७८ मध्ये हरले. ट्रेव्हिन्यनीही शाळा मंडळावर दावा लावला होता. युद्धाआधी ते शिकवत होते त्या शाळेची जागा डॉफिन स्ट्रीटवर आहे. मारी कूव्हाँ या आफ्रिकेत जन्मलेल्या, गुलामीतून सुटलेल्या विधवेच्या मृत्युपत्रातून १८४८ मध्ये ती निघाली.

तिथून चालत प्रेस आणि रॉयल स्ट्रीटच्या नाक्यावर जा. ७ जून १८९२ ला रेल्वेत गोऱ्या-काळ्यांना वेगळे डबे सक्तीचे करणाऱ्या कायद्याला आव्हान द्यायला होमर प्लेसी हा चांभार गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि ठरल्याप्रमाणे अटक झाला. अटक करणारा गुप्तहेर या कायद्याविरुद्ध लढणाऱ्या नागरिकांच्या कमिटीनंच पैसे देऊन नेमलेला, रेल्वे कंपनीलाही जादा डब्यांचा खर्च नकोच होता. वर्गणी, चिटणीस, वकील, वर्तमानपत्र, सगळी मांडणी १८३६ च्या मंडळासारखीच. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध १ मतांनी ते हरले. प्लेसीला राज्यपालांची माफी मिळाली जानेवारी २०२२ मध्ये. नाक्यावर फलक आहे, रूळ चालू आहेत. मालगाडी आली की फाटक अर्धा तास बंद राहतं, विमान गाठायचं असेल तर त्या बाजूला अडकू नका.

एखाद्या सैनिकाचा माग काढायचा असेल तर घरबसल्या सुरुवात होते. राष्ट्रीय उद्यान सेवेची यादवीतल्या सैनिकांची यादी विनामूल्य आहे. अडचण अशी की पलटणीचं नाव दोनदा बदललं. पहिली नेटिव्ह गार्ड जून १८६३ मध्ये कोर द'आफ्रिकची पहिली झाली आणि १८६४ मध्ये ७३ वी यू. एस. सी. टी.; दुसरीची ७४ वी, तिसरीची ७५ वी. तिन्ही नावांनी शोधा. आडनावं इंग्रजी कारकुनांनी कानावर पडली तशी लिहिलेली आहेत. Cailloux कागदोपत्री Callioux असाही सापडतो, तेव्हा एकेक अक्षर अदलाबदल करून पाहा. सेवापत्रकात वय, उंची, धंदा आणि जन्मगाव मिळतं. धंद्याच्या रकान्यात सिगारवाला, गवंडी, शिंपी असं असेल तर माणूस बहुधा शहरातला, मजूर किंवा शेतकाम असेल तर मळ्यावरचा. सगळ्यात भरघोस कागद पेन्शनच्या फायलींत, त्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि प्रती मागवता येतात. गुलामांच्या लग्नाला कायदा मानत नव्हता, त्यामुळे विधवेला लग्न सिद्ध करायला साक्षीदार आणावे लागत. म्हणून या फायलींत शेजारी, सुईण, धर्मगुरू आणि कंपनीतले जुने साथीदार यांच्या जबान्या पानंच्या पानं सापडतात. त्यांतल्या सह्या आणि अंगठे मूळ प्रतीत बघायचे असतील तर रंगीत स्कॅन मागा. काळ्यापांढऱ्या मायक्रोफिल्मवर निम्मी शाई उमटत नाही.